ओझ्याला वाट

वाळू हवालदार देवळाली कॅम्पातून पेन्शन घेऊन उंबरदऱ्याला परत आला, तेव्हा गावाला वाटलं, आता हा गडी नांगर धरील. तो तोफखान्यात होता तेवढी सगळी वर्षं त्याच्या थोरल्या भावानं, झिपरूनं, भाताची खाचरं एकट्यानं सांभाळली होती. घर एक, चूल एक, सातबारा एक. पण वाळूनं ट्रंक उघडली आणि त्यातून आधी काय निघालं, तर हवा गेलेला बास्केटबॉल. गावात पंप होता शाळेच्या शिपायाकडं. हवा भरायला गेलेला वाळू संध्याकाळी परतला तो शाळेच्या मुलींचा कोच होऊन.

झिपरूनं ऐकलं आणि तो बैलांना वैरण टाकायला निघून गेला. तो मुळातच कमी बोलणारा. बायको गेल्यापासून तर त्याचे शब्द आणखीच महाग झाले होते. त्याची एकुलती एक मुलगी मोहिनी नववीत होती. वाळूला आणि त्याच्या बायकोला, सुलाबाईला, मूलबाळ नव्हतं. म्हणजे सगळ्या घरात मिळून लेकरू एकच, आणि तेच वाळूनं टीममध्ये घेतलं.

गावच्या लोहारानं लोखंडी कडं करून दिलं. ते सागाच्या खांबावर ठोकलं आणि शाळेमागचं अंगण चोपून सपाट केलं. मुली जमल्या. चांगुणाची भागी, पाटीलपाड्याची ललिता, अशा पाच आणि वर दोन. उंचीच्या नावानं सगळा आनंद होता. वाळूनं त्यांना एकदा बघून घेतलं आणि ठरवून टाकलं की या पोरी बॉल अडवायला शिकतील, टाकायचं मागाहून बघू. त्याचं म्हणणं असं की रिंगमध्ये बॉल टाकायला नशीबही लागतं, अडवायला नुसते पाय लागतात.

पायांचं मात्र लवकर जमेना. "खाली बसा" म्हटलं की पोरी कमरेतून वाकत. गुडघे ताठ, पाठ आडवी, नजर जमिनीवर. आवणीला वाकतात तशा. भाताचं रोप लावणाऱ्या आईमागं लहानपणापासून चिखलात उभ्या राहिलेल्या पोरी त्या, त्यांना वाकायचं म्हणजे असंच ठाऊक. वाळूनं त्यांना शाळेच्या भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं बसवलं. मांड्या थरथरायला लागल्या तरी उठू दिलं नाही. ललिता रडली. दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यांच्या आधी भिंतीला लागली.

पण एक गोष्ट बघून हवालदार गडी खूष झाला. मागं सरकणं या पोरींना शिकवावंच लागलं नाही. आवणी करणारी बाई मागंमागंच जाते. पुढं लावलेलं रोप, मागं मोकळा चिखल, आणि पायात पाय न अडकवता, मागं न बघता दिवसभर सरकायचं. कॅम्पात जवानांच्या मुलांना हे शिकवताना त्याचा घसा बसला होता. इथं मोहिनी अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशी मागं जायची की समोरच्याला तिच्या बाजूनं निघायला फट सापडत नसे. वाळू जेवताना सुलाबाईला हे रोज सांगायचा. सुलाबाई म्हणायची, भाकरी गार व्हायली.

ते २००२ साल होतं. जुलै सगळा कोरडा गेला. राबाच्या वाफ्यात रोप तयार होऊन उभं, आणि खाचरात ढेकळं. गडीमाणसं पारावर बसून आभाळाकडं बघायची, आणि आभाळ बघून कंटाळा आला की वाळूच्या पोरींकडं बघायची. काम नव्हतं म्हणून कुणी मुलींना अडवलंही नाही. त्या मोकळ्या दिवसांत वाळूनं एक दांडगा बेत केला. देवळालीतल्या जुन्या ओळखीवर त्यानं कॅम्पातल्या मुलींच्या टीमशी सरावाची मॅच ठरवली आणि पोरींना एसटीनं घेऊन गेला. बाजारातून कॅनव्हासचे जुने बूट घेतले. मापात एकही जोडी बसली नाही, म्हणून टाचांना चिंध्या कोंबल्या.

मॅच अशी झाली की सांगायची सोय नाही. कॅम्पाच्या पोरी बॉल घेऊन आल्या, की उंबरदऱ्याच्या पोरी छान खाली बसत, छान मागं सरकत, आणि अगदी जवळ आल्यावर बाजूला होत. दार उघडावं तशा. प्रत्येक वेळी. वाळू रेषेवर उभा राहून ओरडून ओरडून थकला. त्याच्या ओळखीचा एक सुभेदार शेजारी उभा होता. तो हसून म्हणाला की वाळू, तुझ्या पोरी फार सुसंस्कृत आहेत बुवा.

परतीच्या गाडीत पोरी बुटांतल्या चिंध्या काढत बसल्या. घाट चढताना वाळूनं शेवटी मोहिनीला जवळ बोलावलं. त्याला कळत नव्हतं, नेमकं घोडं कुठं पेंड खातंय.

"पाय चांगले चालतात तुझे. मंग शेवटाला बाजूला का व्हतीस?"

मोहिनीला प्रश्नच विचित्र वाटला.

"तिच्या हातात बॉल व्हता ना काका," ती म्हणाली. "मी रिकामी. मीच बाजूला व्हायाला पायजे ना?"

उंबरदऱ्याला खाचरांच्या बांधावर दोन माणसं समोरासमोर येतात तेव्हा रिकाम्या हाताच्यानं चिखलात उतरायचं आणि ओझंवाल्याला वाट द्यायची, ही रीत. त्यात लहानमोठा, जातपात, बाईगडी काही बघत नाहीत. डोक्यावर हंडा असो, रोपाच्या मुठा असोत की लाकडाचा भारा, ओझं आलं की उतरायचं. पोर चालायला लागली की आधी हे शिकते, मग अ आ इ शिकते. त्या पोरींना कुणी हरवलं नव्हतं. त्यांनी आपल्या आयांचं ऐकलं होतं. वाळूला हसू आलं, कारण लहानपणी त्यालाही आईनं असंच दंडाला धरून बांधावरून खाली उतरवलं होतं.

अंगणात समजावून सांगून उपयोग झाला नाही, पालथ्या घड्यावर पाणी. पोरी माना हलवायच्या आणि बॉल अंगावर आला की बाजूला व्हायच्या. पाय ऐकत नव्हते. तेव्हा वाळूनं ठरवलं, जिथं सवय लागली तिथंच ती मोडायची.

ऑगस्ट लागला आणि पाऊस आला तो आठ दिवसांचं एका दिवसात पाडायला. खाचरं भरली, बैल चिखलात उतरले. शाळा सुटली की वाळू पोरींना बांधावर नेऊ लागला. स्वतः डोक्यावर लाकडाचा भारा घ्यायचा आणि समोर एका मुलीला उभं करायचं. मी येनार, तू मागं सर, पन उतरायचं नाय. माझ्या कमरेकडं बघ, डोळ्याकडं नको, भाऱ्याकडं नको. डोळे फसवतात, कंबर फसवत नाय. पोरी पहिल्या दिवशी पटापट चिखलात उतरल्या. दुसऱ्या दिवशीही. मग एकदा मोहिनी उतरली नाही. वाळू भाऱ्यासकट तिच्यावर चालून गेला, डावीकडं झुकला, उजवीकडं झुकला, ती समोरच. शेवटी वाळूचाच तोल गेला आणि तो चिखलात बसला. पोरी खिदळल्या. बसल्या जागी वाळूला इतका आनंद झाला की उठायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

आणि त्याच वेळी वळणावरून झिपरू आला. डोक्यावर रोपाच्या मुठांची भरलेली पाटी, मानेच्या शिरा ताणलेल्या, पाटीतून गळणाऱ्या पाण्यानं डोळे मिटलेले. त्याला काही दिसत नव्हतं, दिसायची गरजही नव्हती. वाट मिळणारच. मोहिनी अजून गुडघ्यात वाकून उभी होती. समोर ओझं आलं, तिची नजर कमरेवर गेली, आणि ती मागं सरकली. उतरली नाही. झिपरू तिच्यावर आदळता आदळता बाजूला झाला, पाय घसरला, आणि तो पाटीसकट खाचरात आडवा झाला. मुठा सुटून पाण्यावर पसरल्या.

वरच्या खाचरात अर्धं गाव होतं. कुणी हसलं नाही, हेच वाईट झालं.

झिपरू उठला. तोंडावरचा चिखल त्यानं हातानं निपटला. मोहिनी चिखलात उतरून मुठा गोळा करायला लागली होती. झिपरूनं तिच्याकडं बघितलंच नाही, तो भावाशी बोलला, आणि तेही हळू.

"ओझ्याला वाट द्यायची नाय, हे शिकवलंस व्हय. बरं केलंस. आता माझी समदी आवणी लागल्याबिगर ही पोर गाव सोडायची नाय. आन तू माझ्या खाचरात पाय टाकायचा नाय."

जिल्ह्याच्या स्पर्धा महिनाअखेरीला नाशिकला होत्या. झिपरूची खाचरं सगळ्यात खालच्या अंगाला, तिथलं पाणी आटोक्यात येऊन आवणी पुरी व्हायची ती गावात शेवटी. मोहिनीशिवाय ही टीम म्हणजे खुंट्याशिवाय जातं. वाळूला हे कळत होतं आणि भावाचंही काही चुकलं नाही हेही कळत होतं. आपलेच दात नि आपलेच ओठ, दाद मागायची कुणाकडं?

संध्याकाळी मोहिनी गोठ्यात बसून होती. वाळू तिच्याजवळ गेला आणि म्हणाला की चूक त्याची होती. अडवायला शिकवलं, कुठं थांबायचं ते शिकवायचं राहिलं.

"मैदानात शिट्टी असती," तो म्हणाला. "बांधावर शिट्टी नाय. तिथं आपली आपल्याला वाजवाया लागती."

मोहिनीनं मान हलवली. मग तिनं विचारलं की ती आता सरावाला आली तर चालेल का. बा नाशिकला जाऊ नको म्हणाला, शाळेमागं जाऊ नको असं म्हणाला नव्हता. वाळूला वाटलं, ही पोरगी पंचाचं पुस्तक वाचून आली की काय.

आवणीनं जोर धरला आणि एकेक मुलगी गळू लागली. भागीच्या आईनं, चांगुणानं, तोंडावर सांगितलं की पोरगी खेळेल पण पातीत, आवणीच्या रांगेत, हात कमी पडतो, तो कोण भरील? वाळू म्हणाला, मी.

गावात गडी आवणीला हात लावत नाहीत असं नाही. पण रिटायर हवालदार बायांच्या पातीत, धोतर नाही की काही नाही, लष्करी हाफ पँट घालून वाकलेला, हे दृश्य उंबरदऱ्यानं पाहिलं नव्हतं. बोटं विसरली होती. त्याचं रोप कधी खोल जायचं, कधी वर तरंगायचं. त्याची ओळ म्हणजे पावसात चाललेली शेळी. दोन्ही बाजूंच्या बाया मागं निघून जात आणि वाळू मध्येच अडकून पडे. आपल्या पोरींना गुडघ्यातून वाक म्हणून रोज ओरडणारा कोच इथं कमरेतून वाकून पाठ धरून बसायचा, आणि बाया म्हणायच्या, हवालदार, गुडघे. चांगुणा तर त्याच्यासारखी शिट्टीच वाजवून दाखवायची, दोन बोटं तोंडात घालून. वाळू हसायचा. रात्री सुलाबाई तेल लावून त्याची कंबर चोळायची आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पण रोज भागी शाळेत असायची, ललिता शाळेत असायची, आणि शाळा सुटल्यावर अंगणात. वाळू एकेका घरच्या पातीत दिवस काढी आणि चिखलाच्या पायांनीच अंगणात जाई. आपल्या घरच्या बांधापाशी मात्र तो थांबायचा. खाली झिपरू एकटा, गुडघाभर पाण्यात, एकेक मूठ लावत असायचा. सावडीला, म्हणजे कामाच्या बदली कामाला, त्यानं कुणाला बोलावलंच नव्हतं. मी कुणाच्या पातीला गेलो नाय, मंग माझ्या पातीला कुणी कशाला यावं, असं त्याचं गणित. मोहिनी पहाटे आणि सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर राबायची. तरी एकेक खाचर मागं पडत गेलं. स्पर्धेचा दिवस आला तेव्हा खालचं मोठं खाचर तसंच उभं होतं, आणि राबातलं रोप म्हातारं व्हायला लागलं होतं.

गावात मुक्कामी राहणारी एसटी पहाटे सुटायची. त्या दिवशी उजाडायच्या आत वाळू बाकीच्या मुलींना घेऊन पारापाशी उभा होता. झिपरू डोक्यावर इरलं घेऊन घरातून निघाला. त्याच्यामागं मोहिनी, परकराचा काचा मारलेला. ती कोणाकडं न बघता पुढं गेली. भागी रडवेली झाली. वाळूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. भावाला अडवायची त्याची हिंमत नव्हती असं नाही, पण भावानं एकदा घातलेली अट मोडायची त्याला सवय नव्हती. मुलींना गाडीत बसवून तो मात्र त्या दोघांच्या मागं खाचरापर्यंत गेला. निदान पोरीला येतो म्हणावं.

बांधावर बाया उभ्या होत्या. चांगुणा, ललिताची आई, सगळ्या टीमच्या घरच्या, लुगड्यांचे काचे मारून, डोक्यावर मेणकापडाच्या खोळी. कडेला पदर डोळ्यांपर्यंत ओढून, थोरल्या दिराकडं पाठ करून सुलाबाई. राबातल्या मुठा उपटून खाचरात जागोजाग टाकूनही झाल्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे.

झिपरू थबकला.

"कुणी बोलावलं तुमाला?"

"सावड फेडाया आलो," चांगुणा म्हणाली.

"मी कुणाच्या पातीला गेलो नाय."

"तुमचा भाऊ गेला. माझ्या पातीला गेला, हिच्या पातीला गेला. वाकडं लावलं पन लावलं. घर एकच हाय ना तुमचं? का येगळं झालात?"

पाऊस इरल्यावर वाजत होता. गावाच्या बाजूला एसटीनं हॉर्न दिला. दारात आलेली सावड परतवून लावणं म्हणजे आम्ही या गावचे नाही असं सांगणं, आणि घर वेगळं झालं म्हणणं तर त्याहून जड. झिपरूनं खाचराकडं बघितलं, मग मागं बांधावर थांबलेल्या वाळूकडं. वाळूनं बांधाखाली पाय टाकला नव्हता. मोहिनीनं सवयीनं बांधाजवळची एक मूठ उचलली होती, ती झिपरूनं तिच्या हातातून काढून घेतली.

"जा," तो म्हणाला. "गाडी जाईल."

मोहिनी धावली. वाळू तिच्यामागं धावला. चांगुणानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि बायांनी पात धरली.

नाशिकला सिमेंटचं मैदान होतं, पांढऱ्या रेषा, वर जाळीची रिंग. समोर शहरातल्या एका मोठ्या शाळेची टीम, सारख्या रंगाचे बूट, मागं पालकांच्या खुर्च्या. त्यांच्यात एक उंच मुलगी होती, सात नंबरची. बॉल तिच्या हाताला चिकटल्यासारखा असायचा. उंबरदऱ्याच्या पोरींच्या बुटातून चिंध्या बाहेर आल्या होत्या आणि मोहिनीच्या पिंढऱ्यांवर पहाटेचा चिखल वाळून भेगाळला होता. खुर्च्यांमधून कुणीतरी काहीतरी बोललं आणि हसलं. वाळूनं ते ऐकलं. पोरींनीही ऐकलं.

मग खेळ सुरू झाला आणि हसणं थांबलं. या बुटक्या पोरी खाली बसायच्या आणि मागं मागं सरकायच्या, आणि शहरच्या पोरींना रिंगपर्यंत वाटच सापडेना. डावीकडं भागी, उजवीकडं ललिता, एक चुकली तर शेजारची तिची पात धरायची. बॉल टाकता येत नव्हता फारसा, पण समोरच्यांनाही टाकू देत नव्हत्या. मोजक्याच बास्केट पडल्या दोन्हीकडं. वाळू ओरडत नव्हता. त्याला ओरडायला काही शिल्लकच नव्हतं.

शेवटच्या मिनिटांत उंबरदरा एका बास्केटनं पुढं होता. सात नंबर बॉल घेऊन मधून निघाली. तिनं भागीला मागं टाकलं आणि सरळ रिंगकडं सुटली, पूर्ण वेगात. वाटेत मोहिनी. वाळूनं बघितलं, पोरीनं दोन्ही पाय रोवले, हात छातीशी घेतले. ती उंच मुलगी येत होती, ओझं घेऊन, भरधाव. मोहिनी रिकामी होती. पोरीच्या डाव्या पायाची टाच थोडीशी उचलली गेली, बांधावरून उतरताना उचलते तशी. मग ती टाच खाली आली. परत रोवली.

धडक बसली. मोहिनी पाठीवर पडली आणि सिमेंटवर घसरत गेली. शिट्टी वाजली. पंचानं उघड्या तळहातावर मूठ आपटली आणि सात नंबरकडं बोट दाखवलं. चूक तिची. बॉल उंबरदऱ्याचा.

भागीनं मोहिनीला उठवलं. कोपराचं सालटं निघालं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं. मोहिनीनं आधी वाळूकडं बघितलं. वाळूनं नुसता हात वर केला, सलामीला करतात तसा, आणि मग लाजून डोकं खाजवल्यासारखं केलं. ती मॅच त्या जिंकल्या. दुपारची हरल्या, पण तोवर खुर्च्यांतली माणसं यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लागली होती, आणि सात नंबरची मुलगी येऊन मोहिनीकडून खाली कसं बसायचं ते शिकून गेली.

गावात गाडी पोचली तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. पाऊस उघडला होता. भागी आणि बाकीच्या आपापल्या पाड्यांना गेल्या. वाळू आणि मोहिनी खालच्या बांधावरून घराकडं निघाले. मोठं खाचर लागलेलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं, आणि ओळी सरळ. वाळूनं मनात म्हटलं, मी नव्हतो ते बरंच झालं.

समोरून झिपरू येत होता, घर मागं टाकून गाडीच्या वाटेला. डोक्यावर ओल्या गवताचा भारा, मानेच्या शिरा ताणलेल्या. वाळू जागीच थांबला. मोहिनीनं बापाला बघितलं आणि ती लगेच बांधावरून खाली चिखलात उतरली, कॅनव्हासच्या बुटासकट. शिकवल्याप्रमाणे.

झिपरू जवळ आला. त्याला तिचं कोपर दिसलं. त्यावर नाशिकच्या पंचानं बांधलेली पट्टी होती, चिखलानं मळलेली.

"पडलीस?"

"पाडलं," मोहिनी म्हणाली. "लय जोरात आली, बा. बॉल घिऊन. पन मी हलले नाय. शिट्टी तिच्यावर वाजली."

झिपरूनं तिच्या पट्टीकडं परत एकदा बघितलं. मग त्यानं भारा एका हातानं सावरला आणि बांधाच्या दुसऱ्या बाजूला, नुकत्याच लावलेल्या रोपांमध्ये पाय जपून टाकत, तो खाली उतरला. ओझ्यासकट. बाप एका अंगाला, लेक दुसऱ्या अंगाला, दोघं चिखलात, आणि मध्ये बांध मोकळा. वाळूनं आयुष्यात असं बघितलं नव्हतं. गावात कुणीच बघितलं नव्हतं.

मोहिनीला कळेना काय करावं. तिनं मागं काकाकडं बघितलं. काका दुसरीकडं बघत नाक पुसत होता.

"हो पुढं," झिपरू म्हणाला.

ती बांधावर चढली आणि पुढं चालू लागली. झिपरू तिच्यामागं वर आला, आणि भारा घेऊन, आलेल्या वाटेनंच, लेकीच्या मागं घराकडं परत निघाला.